आधी कठड्यावरचा तो गोंद काढा

रविवारी सकाळी आईचा फोन. "अगं, बुलबुल चिकटलाय कठड्याला. सुटतच नाहीये."

आई डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीत बाजरीची थाळी, पाण्याचं मातीचं भांडं, कधी पपईची फोड. २० मार्चचा चिमणी दिन जवळ आला, की पाखरांबद्दलचे फॉरवर्ड सुटतात. त्यातला एक मामीकडून तिच्याकडे आला: 'घरी येणाऱ्या पक्ष्यांना मांजर आणि शिक्र्यापासून वाचवण्याचे ५ रामबाण उपाय'. (शिक्रा म्हणजे छोट्या पाखरांची शिकार करणारा पक्षी.) त्यातला पहिला उपाय आईनं त्याच दिवशी केला. कठड्यावर उंदीर पकडायचा गोंद लावायचा, मांजराचे पाय चिकटले की ते पुन्हा फिरकत नाही म्हणे. मांजर त्या दिवशी आलंच नाही. बुलबुल आला.

हा उपाय लिहिणाऱ्यानं गोंदावर बसलेलं पाखरू कधी पाहिलेलं नसावं. आधी पाय चिकटतो. मग सुटायला फडफड केली की पंख चिकटतो, मग शेपटी. ओढून काढायला गेलं की पिसं उपटून येतात, कधी कातडीही. आईनं नशिबानं ओढलं नाही. मी तिला उघड्या गोंदावर गव्हाचं पीठ भुरभुरवायला सांगितलं, म्हणजे आणखी काही चिकटू नये. मग तिनं बुलबुलावर हलकं फडकं टाकलं आणि पक्षीमित्रांना बोलावलं. हे सापळे इतके क्रूर आहेत, की ते बंद करा असं भारतीय प्राणी कल्याण मंडळानंच राज्यांना सांगितलेलं आहे. आणि आपण ते पाखरांच्या थाळीशेजारी लावायचे!

पुढे कंसात सल्ला आहे, 'गोंद नसल्यास ग्रीस किंवा तेल चोपडावे'. पाखराची पिसं एकमेकांत गुंतलेली असतात म्हणून पाणी आत जात नाही आणि ऊब टिकते. तेल लागलं की ती वीण उसवते. मग पाखरू चोचीनं पिसं साफ करायला बसतं आणि ते ग्रीस पोटात जातं. मांजर मात्र दुसऱ्या बाजूनं येतं.

दुसरा उपाय वाचून मला हसू आलं. दाण्यांत लाल तिखट कालवा, मांजर तोंड लावणार नाही. अहो, मांजर बाजरी खायला येतं का? ते येतं बाजरी खाणाऱ्याला खायला.

यात एक अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करते. पाखरांना मिरची झोंबत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या ज्या ग्राहीला (तिखटाची जाणीव करून देणाऱ्या प्रथिनाला) चेतवतं, तोच ग्राही कोंबडीत त्याला दाद देत नाही, हे संशोधक डेव्हिड ज्युलियस आणि स्वेन-एरिक जॉर्ड्ट यांनी २००२ मध्ये दाखवलं. याच ज्युलियसना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. बुलबुल झाडावरची मिरची मजेत खातो ते यामुळेच. उंदराला, खारीला मात्र ती झोंबते. म्हणजे तिखटानं वाचलेच तर दाणे वाचतील, पाखरू नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वाऱ्यानं ती पूड आधी आईच्याच डोळ्यांत जाईल.

तिसरा उपाय: 'शिक्रा दिसल्यास गलोल मारा, घरटे पाडा.' हा सल्ला नाही, गुन्हा आहे. शिक्र्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय ज्याला गलोल मारताय तो शिक्राच आहे का? पावशा उडताना हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. 'पेरते व्हा' म्हणत सुरवंट खाणाऱ्या त्या बिचाऱ्याला दगड बसायचा. दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी आणि पिल्लं खाणारा भारद्वाज दिसला, तर आपण शुभशकुन म्हणून हात जोडतो, तेव्हा कोणी गलोल शोधत नाही. शिक्रा खरंच रोज येत असेल, तर आठ-पंधरा दिवस थाळी आत घ्या. पाखरं पांगतात आणि तोही दुसरीकडे जातो.

चौथा उपाय डांबरगोळ्यांचा. त्या विषारी असतात आणि उघड्या गॅलरीत त्यांचा वास टिकत नाही. विषय संपला.

उरली मांजराच्या गळ्यातली घंटा. पाळलेल्या मांजराला बांधली तर शिकार कमी होते, हे ब्रिटनमधल्या चाचण्यांत दिसलंय. पण आईच्या गॅलरीत येणारा बोका सोसायटीचा. त्याच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? आणि नुकतं घरट्यातून बाहेर पडलेलं, उडता न येणारं पिल्लू घंटा ऐकून करणार तरी काय?

आम्ही शेवटी एवढंच केलं: थाळी कठड्यावरून काढून छताच्या हुकाला बारीक तारेनं टांगली, बोक्याची उडी पोचणार नाही अशी. ज्या कुंड्यांआड तो दबा धरून बसायचा त्या पलीकडे सरकवल्या. खाली सांडलेले दाणे आई रोज संध्याकाळी झाडून घेते, म्हणजे चिमण्या फरशीवर उतरत नाहीत.

बुलबुल वाचलाय, शेपटी मात्र पार गेली. नवी पिसं येईपर्यंत तो पक्षीमित्रांकडेच राहणार आहे. काल फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "मामीनंही लावलाय गं तो गोंद. मी कसं सांगू तिला?"

मामी, हे तुझ्यासाठी.