हातकुऱ्हाडीवरचा चेहरा
हातकुऱ्हाडीवर, म्हणजे आदिमानवाच्या हातात धरायच्या दगडी हत्यारावर, मुद्दाम चेहरा कोरलाय असा दावा करणारा एक लेख वाचला. त्यातल्या फोटोवर लाल रेघा ओढून आदिमानवाचं कपाळ, भुवईचा उंचवटा दाखवलाय. रेघा झाकून बघा, चेहरा गायब! गोकाकजवळ घटप्रभेच्या पात्रातून आणलेला एक गोटा माझ्या टेबलावर आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याला नाक फुटतं, दुपारी परत दगड. (आईला त्यात म्हसोबा दिसतो, ते वेगळं.) दगड घडवताना छिलका उडाला की खोलगट खाच पडणारच, तिला डोळा कसं म्हणायचं? दक्षिण आफ्रिकेत माकापान्सगाटला १९२५ साली मिळालेला तांबूस गोटा हुबेहूब चेहऱ्यासारखा, पण तोही निसर्गानंच झिजवलेला. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी कुणीतरी तो लांबून उचलून आणला असावा, एवढंच संशोधक म्हणतात. मला तर तेच जास्त भारी वाटतं.