कार्ड हातात, हॉस्पिटल घाटापलीकडे

सरकारी योजना बरी की खाजगी पॉलिसी, हा वाद ऐकून डोकं उठतं! महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कवच, हप्ता शून्य. कबूल. पण कुडाळ-सावंतवाडीत मोठं दुखणं आलं की गाडी सुटते गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला नाहीतर कोल्हापूरला. निघण्याआधी विचारायचं ते हे की हॉस्पिटल त्याच आजारासाठी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, आहे का. हाडांसाठी असलेलं हृदयासाठी असेलच असं नाही. त्यात रेशनकार्डावर ‘गांवकर’, आधारवर ‘गावकर’ निघालं की आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर नोंदणी अडते. एका अनुस्वारापायी पेशंट स्ट्रेचरवर!

खाजगीत वेगळीच कात्री. बऱ्याच पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5 लाखांवर रोज 5 हजार. 8 हजारांची खोली घेतली की नुसता फरक कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, सगळं 5/8 प्रमाणातच मंजूर. अशा खर्चाच्या 2 लाखांतले 75 हजार खिशातून. औषधं, शरीरात बसवायचे इम्प्लांट यांसारखे खर्च यातून सुटतात. ही ओळ विकताना कोणी वाचून का दाखवत नाही?