यात ब्लूटूथ आहे का?

घरात तीस वर्षांचा अँप्लिफायर असला की येणारा पाहुणा आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, "यात ब्लूटूथ आहे का?" नाही म्हटलं की दोघांचीही सारखीच कीव करतो.

आता यांना कोण सांगणार, की आवाज काढणारा भाग झिजतो, पण कालबाह्य होत नाही. कालबाह्य होतो तो दुसऱ्या यंत्रांशी बोलणारा भाग. टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, १९७२चा. २०१० मध्ये बंद केला आणि २०१६ मध्ये कंपनीनं मुकाट्यानं परत आणला. उलट एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीला जोडायचा अँप्लिफायर, बघा. त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या एचडीएमआय केबलच्या आवृत्त्या बघा: १.४ आलं २००९ला, २.० आलं २०१३ला, २.१ आलं २०१७ला. आतला अँप ठणठणीत, पण नवा टीव्ही त्याला ओळख देत नाही.

झिजण्यात पहिला मान वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. त्याच्यावर '८५ अंश, २००० तास' छापलेलं वाचून घाबरू नका. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं; म्हणजे ४५ अंशांवर ३२,००० तास. रोज तीन तास ऐकलं तर एकोणतीस वर्षं. झाकणाच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल आणि वर गणपती मांडणाऱ्यांनी मात्र हा हिशेब त्या गणपतीवरच सोडावा.

सगळ्यात जास्त छळतो तो रिले, म्हणजे अँपला स्पीकर जोडणारा आतला विजेवर चालणारा स्विच. हळू आवाजात एक स्पीकर गप्प, व्हॉल्यूम वाढवला की खडबडून जागा. लोक स्पीकर विकून मोकळे होतात! आधी अँप बंद करून मागच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. मौन दुसऱ्या स्पीकरकडे गेलं तर दोष अँपचा, आणि बहुतेक वेळा काळवंडलेल्या रिलेचा. त्याला पॉलिश पेपर घासू नका, मुलामा जातो आणि दुखणं परत येतं. तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा (म्हणजे तेवढ्याच व्होल्टवर चालणारा), तेवढेच अँपिअर पेलणारा नवा रिले बसवा. व्हॉल्यूमची खरखर वेगळी; तिला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. खोबरेल तेल नाही.

स्पीकरच्या कडेचा फोम पंधरा-वीस वर्षांत बोट लावताच भुगा होतो, दमट हवेत आधीच. रबरी कड जास्त टिकते. फक्त कड बदलून मिळते, अख्खा स्पीकर टाकायचं कारण नाही.

बरीच वर्षं बंद असलेला अँप थेट प्लगात कधीच घालू नये. सिरीज बोर्डावर, म्हणजे अँपकडे जाणारी वीज आधी बल्बातून जाईल अशा बोर्डावर, शंभर वॉटचा बल्ब लावून सुरू करावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. पास झाला की मगच थेट लाइनवर. तेव्हाही स्पीकर न जोडता स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरनं डीसी (एकाच दिशेचं) व्होल्टेज बघायचं, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं.

बल्ब मात्र तारेचाच लागतो, एलईडीनं हे काम होत नाही. तो मागितला की दुकानदार माझ्याकडे बघतो, मग वरच्या फळीकडे बघतो, आणि म्हणतो, "ते आता कोण वापरतं, साहेब?"