डायल लावणं म्हणजे आकडा लावणं नव्हे

एक्स-विंग हा स्टार वॉर्समधल्या लढाऊ जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींचा टेबलावरचा खेळ. प्रत्येक जहाजाची चाल एका चकतीवर, म्हणजे डायलवर, आधी लपवून लावायची. बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘एक्स-विंगमध्ये दोघंही डायल लपवून लावतात, म्हणजे चाल हा निव्वळ अंदाज. जो शेवटी हलतो तो जिंकतो. वेग जास्त ठेवा, बाकी फासे बघून घेतील.’ नवीन पोरं यावर विश्वास ठेवून हरतात आणि खेळाला नावं ठेवतात, म्हणून हे उत्तर. नियम 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीचे, मूळचे धरलेत.

‘निव्वळ अंदाज’ हे आधी घेऊ. डायल लावताना टेम्प्लेट (चाल मोजायची पट्टी) ठेवून मोजता येत नाही, हे खरं. पण लहान जहाजाचा बेस (खालची चौकोनी बैठक) 40 मिमी आणि 1 सरळचं, म्हणजे वेग 1 च्या सरळ चालीचं, टेम्प्लेटही 40 मिमीच. टेम्प्लेट बेसच्या पुढे लागतं आणि जहाज त्याच्याही पलीकडे ठेवतात. म्हणून 1 सरळ म्हणजे दोन बेस, 2 सरळ म्हणजे तीन, 5 सरळ म्हणजे सहा. नवखे हा वरचा एक बेस विसरतात आणि समोरच्यावर जाऊन आदळतात. मोठा बेस 80 मिमीचा, त्यामुळे त्याच 2 सरळला लहान जहाज 120 मिमी जातं तर मोठं 160. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या वळवणारा ड्रायव्हर मागच्या ट्रॉलीचा हिशोब धरतो, तसा इथे बेसचा धरायचा.

‘शेवटी हलतो तो जिंकतो’ हे तर उलटंच पडतं. इनिशिएटिव्ह, म्हणजे हलायचा क्रम ठरवणारा आकडा, जास्त असलेला शेवटी हलतो, पण त्याचा डायल कुणीही हलायच्या आधीच लागलेला असतो. समजा, आपलं एक्स-विंग नावाचं जहाज इनिशिएटिव्ह 2 चं, समोरचं टाय फायटर जहाज 5 चं; दोन्ही लहान बेसची. दोन्ही समोरासमोर, नाकापासून नाकापर्यंत 300 मिमी. आपण 2 सरळ लावलं: 120 गेले, उरले 180. आता टायने 4 सरळ (200) लावलं असेल तरी आपल्या बेसवर येतं, 5 सरळ (240) असेल तरी येतं. मग ते टेम्प्लेटवरून मागे सरकत आपल्याला टेकून थांबतं. त्याची अॅक्शन (चालीनंतर करायची एक कृती) जाते आणि टेकलेल्या जहाजावर गोळीही झाडता येत नाही. आपण मात्र आधी हलून फोकस (फाशावरच्या फोकसच्या खुणा कामी आणणारी अॅक्शन) घेतलेला असतो. 3 सरळ लावलं असेल तर टाय 20 मिमी अलीकडे सुटतं, म्हणजे अडवणूक शंभर टक्के नाही. पण एका चालीने त्याच्या दोन वेगवान चाली बाद होतात, याला अंदाज कसं म्हणायचं?

आणि ‘फासे बघून घेतील’ याचं उत्तरही इथेच आहे. बचावाच्या हिरव्या फाशाच्या आठ बाजूंपैकी तीनवर बचाव असतो, दोनवर फोकसची खूण. फोकस असेल तर पाच बाजू कामाच्या, नसेल तर तीनच. टायचे तीन हिरवे फासे फोकससह सरासरी 1.9 बचाव देतात, फोकस गेला की 1.1. फासे तेच, आदळल्यामुळे किंमत बदलली.

‘वेग जास्त ठेवा’ हे सगळ्यात घातक. पट 3 फूट, म्हणजे 914 मिमी. टाय कडेपासून 100 मिमीच्या आत मांडायचं. नाक 100 वर धरा. तीनदा 5 सरळ टाकलं की नाक 820 वर. चौथ्यांदा तेच केलं तर 1060, जहाज पटाबाहेर आणि बाद. मोठं वळण घेऊन वाचू असं वाटतं, पण 3 च्या काटकोनी वळणाला बेसची कड 930 वर जाते, पुन्हा बाहेरच. 2 च्या वळणाला जेमतेम एक सेंटिमीटर राखून आत राहतं. वळायचं ते 5 सरळ तिसऱ्यांदा लावायच्या आधीच ठरायला हवं होतं.

सरावाला खेळाचा डबाही लागत नाही. फरशीवर खडूने 914 मिमीचा चौकोन आखा, पुठ्ठ्याचे 40 मिमीचे चौकोन कापा आणि 40, 80, 120, 160, 200 मिमीच्या पट्ट्या. आधी डोळ्याने ‘इथे थांबेल’ म्हणून खडूची खूण करायची, मगच पट्टी लावायची. खूण अर्ध्या बेसच्या आत पडू लागली की वळणांकडे जा.