सोव्हिएत संघात श्रद्धेसाठी कुणालाच पकडलं नाही? हे धादांत खोटं आहे

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. सोव्हिएत घटनेनेच धर्मस्वातंत्र्य दिलं होतं, नव्या पंथांवर कारवाई झाली ती परदेशी हस्तक म्हणून किंवा आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यासारखी भोंदूगिरीवर, आणि जे काही वाईट झालं ते स्टालिनबरोबर संपलं, असं त्यात म्हटलंय. मी देव मानत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच तिच्या आडून हे खपवलेलं सहन होत नाही.

आधी घटना. १९७७ च्या घटनेतलं ५२ वं कलम नीट वाचा: नास्तिकांना प्रचाराचा हक्क, आस्तिकांना फक्त उपासनेचा. ती उपासनाही १९२९ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्यांनीच करायची, आणि नोंदणी द्यायची की नाही ही सरकारची मर्जी. हरे कृष्ण पंथाला ती १९८८ मध्ये मिळाली, ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाला १९९१ मध्ये. आधी नोंदणी द्यायची नाही, मग नोंदणी नाही म्हणून धरायचं. अशा माणसांना कायदा मोडणारे कसं म्हणायचं?

आता ‘परदेशी हस्तक’. यहोवाचे साक्षीदार हा पंथ अमेरिकेत निघाला हे खरं. बंदूक हाती घ्यायची नाही, झेंड्यापुढे वाकायचं नाही, ही त्यांची शिस्त. त्यापायी हिटलरने त्यांना छळछावण्यांत डांबलं. तिथे ओळखीची खूण म्हणून त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण असे. ऑगस्ट १९५० मध्ये कम्युनिस्ट पूर्व जर्मनीने पंथावर बंदी घातली आणि नाझी छावण्यांतून वाचलेले काही जण पुन्हा गजाआड गेले.

सोव्हिएत संघात तर कुटुंबंच्या कुटुंबं उचलली. फेब्रुवारी १९५१ मध्ये सुरक्षामंत्री अबाकुमोव्हने स्टालिनला पाठवलेल्या टिपणात हिशेब आहे: ३,०४८ कुटुंबं, ८,५७६ माणसं. हस्तकांची यादी कुटुंबवार होते का? त्यात तान्ही मुलं आली, म्हाताऱ्या आज्या आल्या. एप्रिलमध्ये युक्रेन, मोल्दाव्हिया, बेलारूस आणि बाल्टिक भागात रात्रीच्या अंधारात दारं ठोठावली गेली. ठरावीक वजनाचंच सामान न्यायची मुभा; त्यात अंथरूण-पांघरूण, भांडी, धान्य, अवजारं काय बसवायचं ते घाईघाईत ठरवायचं. मग मालगाडीचे डबे आणि तोम्स्क, इर्कुत्स्ककडचा सैबेरिया. प्रत्यक्षात साडेनऊ हजारांवर माणसं गेली. कोर्टापुढे कुणालाही उभं केलं नाही, आणि हद्दपारी कायमची.

जादूटोणाविरोधी कायद्याशी तुलना तर संतापजनक आहे. आपला २०१३ चा कायदा नरबळी, अघोरी प्रथा, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण अशी नेमकी कृत्यं सांगतो. यात्रा, कीर्तन, भजन त्यातून स्पष्टपणे वगळतो. रशियाच्या दंडसंहितेतलं कलम २२७ विधींच्या आडून आरोग्याला इजा करणं किंवा लोकांना सामाजिक कामापासून परावृत्त करणं, असं काहीही पोटात घेणारं होतं. हरे कृष्ण भक्तांचा जप आणि शाकाहारसुद्धा त्यात बसवला गेला. १९७१ मध्ये मॉस्कोत पंथाचे संस्थापक प्रभुपाद यांना भेटून दीक्षा घेतलेला अनातोली पिन्याएव मनोरुग्णालयात डांबला गेला. रशियातल्या ओरेनबर्गच्या कैद्यांच्या छावणीत एक तरुण आर्मेनियन भक्त डिसेंबर १९८७ मध्ये, सुटका तोंडावर आलेली असताना, मरण पावला.

सगळं स्टालिनबरोबर संपलं, या शेवटच्या मुद्द्याचंही उत्तर याच तारखेत आहे. १९८७ मध्ये सत्तेवर गोर्बाचेव्ह होते. स्टालिनला जाऊन चौतीस वर्षं झाली होती. कलम २२७ ज्या संहितेत आहे ती १९६० ची, म्हणजे स्टालिननंतर आलेल्या ख्रुश्चेव्हच्या काळातली. आणि सैबेरियात हद्दपार केलेले यहोवाचे साक्षीदार? त्यांच्यावरचे निर्बंध उठले सप्टेंबर १९६५ मध्ये, स्टालिननंतर बारा वर्षांनी. जप्त केलेली घरंदारं परत मिळणार नाहीत, हे त्याच हुकुमात लिहिलेलं होतं.