आधी सालांचा तक्ता करा

एकाच गावातल्या तीन पिढ्यांच्या कथा जोडायला नावं पुन्हा आली की पुरे, असं कथालेखनावरच्या एका लेखात म्हटलंय. नावांनीच तर घोटाळा होतो! नातवाला आजोबांचं नाव, त्यात मामाची मुलगी करायची रीत, म्हणजे मामाच सासरा. निवेदक बदलला की तीच बाई एका कथेत सूनबाई, दुसरीत काकी, तिसरीत आजी. वाचक चुकणारच.

म्हणून आधी तक्ता करा: आडवी सालं, उभी पात्रं, चौकटीत वय. मग काळाच्या खुणा. सांगलीकडचं गाव असेल तर १९४९ ते १९६० या काळातल्या पत्रावर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ यायला हवं. १ एप्रिल १९५७ च्या आधी नवे पैसे नाहीत, रुपयाला १६ आणेच. पाटणच्या कथेत ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पहाटेचाच असणार. कोण आधी बाहेर पळालं यावर दोन भाऊ खुशाल भांडोत.

सगळ्यात जास्त चुका वाटणीत होतात. भाऊ हयात असताना बहिणीनं १९५० साली वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र लिहून दिलं, असं वाचलं की पुस्तक मिटावंसं वाटतं. मुलीला भावांबरोबर वाटा देणारा हिंदू वारसा कायदाच १९५६ चा. सोडायला हक्क होता कुठे? वाड्याचाही कच्चा नकाशा काढून ठेवा. माजघर धाकट्याकडे गेलं असेल तर पुढच्या कथेत थोरल्याच्या सुनेला तिथे चूल मांडता येत नाही.