झेपेलिन मोठे, पण घराणं सॅबथचं

डिसेंबरात तीन आठवडे चिंचवडला होतो. शेवटच्या रविवारी मित्राच्या गच्चीवर आम्ही पाच जण जमलो आणि चहा वर यायच्या आत वाद सुरू झाला: इंग्लंडच्या दोन जुन्या रॉक बँडपैकी लेड झेपेलिन मोठे की ब्लॅक सॅबथ? हा वाद आमच्यात १९९४ पासून चालू आहे. तेव्हा पाचांत मिळून एकाकडेच डबल कॅसेट डेक होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला झेपेलिन आणि दुसऱ्या बाजूला सॅबथ भरून घ्यायचे, आणि आधी कोणती बाजू लावायची यावरून भांडायचं. यंदा वादाला वेगळी धार होती. २२ जुलै २०२५ ला सॅबथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला आणि अचानक सगळ्यांनाच सॅबथ आठवले. झेपेलिनवाल्या मित्राचं म्हणणं, माणूस गेला म्हणून तो मोठा होत नाही.

मी अकरा वर्षं इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला राहतो. सॅबथचे चौघेही याच शहरातल्या ॲस्टन भागातले. झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट शेजारच्या वेस्ट ब्रॉमिचमध्ये जन्मला आणि ड्रमर जॉन बॉनम रेडिचचा, एके काळी जगभर सुया पुरवणाऱ्या गावचा. म्हणजे आमच्या वादातले निम्म्याहून जास्त देव मी राहतो त्याच पट्ट्यातले. त्यामुळे गच्चीवर सगळे माझ्याकडे वळले, ‘तू तिथलाच, तूच सांग.’ तेव्हा तुटक बोललो. आता सगळं सांगतो.

आधी समोरच्याची बाजू, कारण ती भक्कम आहे. झेपेलिनवाला मित्र स्वतः तबला वाजवतो आणि त्याचा सगळा जीव बॉनमवर. १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, त्याने आम्हाला शंभर वेळा तरी ऐकवलं असेल. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ड्रम मांडले आणि माइक वर जिन्यात टांगले. त्या उंच पोकळीतला घुमारा पुढे हिप-हॉपवाल्यांनी कितीतरी वेळा उचलला. ‘काश्मीर’ लागलं की तो मांडीवर हिशेब लावतो: गिटार आणि व्हायोलिनं तीन-तीनच्या गटात चालतात, बॉनम मात्र चाराला चिकटून, आणि बाराव्या मात्रेनंतर दोघं समेवर भेटतात. ‘हे वाजवायला रक्तात लय लागते,’ असं तो म्हणतो, आणि ते खरंच आहे. वर त्याच्याकडे मुंबईचा हुकमी एक्का आहेच. १९७२ मध्ये झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि त्यांनी इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती ध्वनिमुद्रणं २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली तेव्हा त्याने मला रात्री अडीच वाजता फोन केला होता.

झेपेलिन मोठे वादक होते, यावर माझा वाद नाही. चौघांपैकी एकही कच्चा नाही. हळुवार अकूस्टिक गिटारपासून छाती दडपणाऱ्या गर्जनेपर्यंत त्यांचा आवाका होता आणि सॅबथकडे तेवढा नव्हता. जुन्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांकडून त्यांनी बरंच घेतलं आणि सुरुवातीला त्यांची नावं घातली नाहीत, हे मात्र मला खुपतं. ‘होल लोटा लव्ह’ वरून ब्लूजवाल्या विली डिक्सनने दावा केला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली, मग त्याचं नाव लागलं. ते आधीच लागायला हवं होतं.

पण आमच्या वादात ‘मोठं कोण’ आणि ‘परिणाम कोणाचा जास्त’ हे दोन प्रश्न एकाच भांड्यात शिजतात. हे आपल्याला कळायला हवं, कारण आपल्याकडे यासाठी घराणं हा नेमका शब्द आहे. एखादा गवई थोर असतो आणि त्याच्यासारखं गाणारा पुढे कोणी होत नाही. दुसरा असं काहीतरी करून जातो की त्याच्या दहावा हिस्सा कुवत असलेला पोरगाही ते धरून उभा राहू शकतो, आणि चार पिढ्यांनी वेगळंच काही गाऊ लागतो. बॉनम १९८० मध्ये गेला आणि झेपेलिन त्याच वर्षी थांबले. त्या चौघांशिवाय ते होणारच नव्हतं, म्हणून थांबले, आणि त्यांचा निर्णय मला आजही सुंदर वाटतो. सॅबथमध्ये मात्र गायक बदलले, ड्रमर बदलले आणि गाडं चालत राहिलं, कारण त्याचा कणा टोनी इओमीच्या गिटारमधल्या एका युक्तीत होता. ती युक्ती कोणालाही उचलता येत होती.

ती युक्ती कुठून आली हे मला कॅसेटच्या दिवसांत माहीत नव्हतं. कॅसेटवर फक्त गाण्यांची नावं असायची, तीही आमच्याच हस्ताक्षरात.

इओमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. सतरा वर्षांचा होता, नोकरीचा शेवटचा दिवस होता, आता पूर्णवेळ वाजवायचं ठरलं होतं. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला तिथे बसवलं. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची टोकं गेली. इओमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टरांनी सांगितलं, वाजवणं विसर. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली, डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झालेला हा गिटारवादक दोनच बोटांवर काय वाजवायचा ते. मग इओमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, त्याच्या टोप्या घडवल्या, घासून घासून बोटांना बसवल्या. जाड तारा दुखायच्या म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढे तारा उतरवून सैल केल्या आणि तिसऱ्या अल्बमपर्यंत, १९७१ मध्ये, काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आली होती. सैल तारेचा तो जड, खर्जातला, ओला आवाज म्हणजे आजचं हेवी मेटल.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते इथल्या संग्रहालयात, २०१९ च्या सॅबथवरच्या प्रदर्शनात, आणि काचेसमोर बराच वेळ उभा राहिलो.

माझे वडील, अण्णा, भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये होते. १९८७ मध्ये त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली. त्या लेनमध्ये अशा हातांची कितीतरी माणसं होती, आणि आम्हा मुलांना ते दाढीमिशीइतकं नेहमीचं वाटायचं. अण्णा त्या हाताने शर्टाची बटणं कशी लावतात, चपातीचा घास कसा मोडतात, हे बघत मी मोठा झालो. आणि त्याच घरात, आतल्या खोलीत, इओमीची गिटार कानाला लावून बसायचो. पंचवीस वर्षं मला दोन्ही माहीत होतं आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे मला कळलं नाही. ते कळायला ॲस्टनपासून तीन मैलांवर यावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणूनच सॅबथ मला कुमारांसारखे वाटतात. क्षयाने कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस निकामी केलं, देवासला ते वर्षानुवर्षं अंथरुणावर होते, आणि उठले तेव्हा लांब दमाच्या गाण्याऐवजी छोट्या, झटक्यात उजळणाऱ्या तुकड्यांचं गाणं घेऊन उठले. उणीव भरून काढणं आणि उणिवेतूनच नवी भाषा करणं यात फरक आहे. इओमीने दुसरं केलं. सॅबथच्या पहिल्या अल्बममधलं, बँडच्याच नावाचं पहिलं गाणं ऐका, १३ फेब्रुवारी १९७० चं. तीनच स्वर: सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. शुद्ध पंचमाचा आधार नाही. तीव्र मध्यमावर नुसतं थांबणं किती अस्वस्थ करतं हे आपल्या कानाला सांगावं लागत नाही. समीक्षकांनी तो अल्बम झोडपला. कारखान्यांतल्या पोरांनी मात्र विकत घेतला.

आता इथल्या वादाबद्दल. इथे वाद नाहीच. माझ्याबरोबर काम करणारा एक सहकारी ॲस्टनमध्येच वाढला, आता साठीचा आहे. त्याला मी झेपेलिन की सॅबथ विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘टोनी आमच्या मामाच्या शाळेत होता.’ एवढंच. त्याने ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’, म्हणजे तो तिसरा अल्बम, पूर्ण ऐकलेलासुद्धा नव्हता. ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला सॅबथचं नाव दिलं तेही २०१९ मध्ये, पहिल्या अल्बमनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. ज्यांच्या अंगणात हे उगवलं त्यांनी ते गृहीत धरलं, आणि ज्यांच्याकडे कॅसेटच्या कॅसेटवरून कॅसेट होऊन पोचलं त्यांनी तीन स्वरांवर तीस वर्षं भांडण केलं. ऐकण्याच्या बाबतीत मी आजही चिंचवडची गच्चीच निवडेन. माती मात्र त्या गच्चीवर नव्हती, आणि माती न बघता ‘परिणाम’ मोजता येत नाही.

५ जुलै २०२५ ला सॅबथचा शेवटचा कार्यक्रम ॲस्टनमधल्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर झाला, ऑझी वाढला त्या घरापासून चालत जायच्या अंतरावर. मला तिकीट मिळालं नाही. मी बाहेर रस्त्यावर उभा होतो, माझ्यासारखे शेकडो होते. मेटॅलिका, गन्स एन रोझेस, टूल, स्लेयर असे पुढच्या पिढ्यांचे बँड एकामागून एक येत होते आणि आपापल्या गाण्यांबरोबर सॅबथचीही गाणी वाजवत होते. एकाचंही वाजवणं दुसऱ्यासारखं नव्हतं आणि प्रत्येकात इओमी ऐकू येत होता. घराणं म्हणतात ते याला. पार्किन्सन्सने खिळलेला ऑझी खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी गेला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली तेव्हा तो सहकारीही माझ्या शेजारी उभा होता, आणि रडत होता.

त्या रविवारी गच्चीवर इओमीच्या बोटांचं तेवढं सांगत होतो, तेव्हा चहा घेऊन अण्णाच वर आले. मित्राचं घर आमच्या शेजारीच. कोणाची बोटं गेली, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. झेपेलिन, सॅबथ यातलं त्यांना काही ठाऊक नाही. त्यांनी पहिलं विचारलं, ‘प्रेसला गार्ड नव्हता का?’ मग प्लॅस्टिकच्या टोप्यांचं सांगितलं. ते आपल्या बोटांकडे बघत थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘नुसत्या प्लॅस्टिकवर तार सरकेल. वरून चामडं लावलं असणार त्याने.’

लावलं होतं. जुन्या जॅकेटचं.